कडांकडे पाहताना : बाझलच्या एका खासगी संग्रहातील ग्रीक खापरांच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

डॉक्टरांच्या घरातील संग्रहाची यादी करण्याचे काम आज सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील बाझलमध्ये आयुष्य काढलेले हे गृहस्थ हाडांचे शल्यविशारद होते आणि १९५८ पासून त्यांनी प्राचीन ग्रीक चित्रित भांड्यांचे तुकडे जमवले. अखंड भांडे त्यांनी एकही घेतले नाही. सिगारच्या लाकडी पेट्यांत कापसावर ठेवलेले एकूण १४३ तुकडे आहेत. त्यांतला काचेच्या कपाटात मांडलेला एकच. सोबत मेणकापडी बांधणीची एक वही असून तिच्यात प्रत्येक खरेदीची तारीख, किंमत आणि दोन-चार ओळींचे वर्णन आहे. शेवटची खरेदी १९८१ सालची. त्यानंतर डॉक्टर अडतीस वर्षे जगले, पण वहीची पुढची पाने कोरीच आहेत.

त्यांच्या कन्येला तीन गोष्टी हव्या आहेत: प्रत्येक तुकडा कोणत्या भांड्याचा, कोणत्या काळाचा आणि तो या घरात कुठून आला. तिसरा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला याची येथे मुद्दाम नोंद करते, कारण खासगी संग्रहांच्या वारसांकडून तो सहसा येत नाही.

तुकडे जमवण्याचा छंद या शहराला नवा नाही. नाणी आणि पुरावस्तूंचे व्यापारी व अभ्यासक हर्बर्ट कान यांचा खापरांचा मोठा संग्रह याच गावातला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे डीट्रिच फॉन बोथमर यांनी हजारो तुकडे जमवून अखेर ते संग्रहालयाच्या स्वाधीन केले. नेपल्सच्या मारिओ आस्तारिता यांनी आपला संग्रह १९६७ मध्ये व्हॅटिकनला दिला. अखंड भांड्याच्या किमतीच्या मानाने तुकडा स्वस्त मिळतो, तो खणात मावतो आणि त्याची जोडी जगाच्या पाठीवर कुठे तरी असेल ही आशा माणसाला गुंतवून ठेवते.

५ फेब्रुवारी

दिवसभर क्रमांक घालण्याचे काम चालले. आतल्या बाजूला, चित्र नसलेल्या कोपऱ्यात, पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर, त्यावर शाईने आकडा आणि वर पुन्हा एक थर, अशी पद्धत ठेवली आहे. अ‍ॅसिटोनने हे सर्व केव्हाही पुसता येते. पांढऱ्या लेपाच्या लेकिथोसचे पाच तुकडे मात्र बाजूला ठेवले. थडग्यांसाठी बनवलेल्या या तेलाच्या कुप्यांवरचे काही रंग भाजणीनंतर लावलेले असत आणि ते ओल्या बोळ्यालाही टिकत नाहीत. त्यांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून डबीत टाकले.

साधने मोजकीच आहेत: दहा पट मोठे दाखवणारे भिंग, कॅलिपर, काठाच्या कमानीवरून व्यास काढण्याचा वर्तुळांचा तक्ता, आकार उतरवण्याची कंगव्यासारखी पट्टी, मातीचा रंग जुळवण्यासाठी मुन्सेलचा तक्ता आणि एका बाजूने तिरपा प्रकाश टाकणारा दिवा. डेक्कन कॉलेजच्या पॉटरी यार्डात महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन जोर्वे खापरांच्या राशी निवडताना जी सवय लागली तीच येथे उपयोगी पडते आहे: आधी चित्र पाहायचे नाही, आधी उलटी बाजू पाहायची, मग कड आणि शेवटी चित्र.

१० फेब्रुवारी

उघड्या आणि मिटल्या भांड्यांची विभागणी पूर्ण झाली. ज्या तुकड्याची आतली बाजू काळ्या लेपाने गुळगुळीत झाकलेली आहे तो उघड्या तोंडाच्या भांड्याचा, म्हणजे द्राक्षासव पिण्याच्या उथळ किलिक्सचा किंवा पाणी आणि आसव मिसळण्याच्या क्रेटरचा. आत उघडी माती आणि चाकावरच्या बोटांच्या रेघा दिसल्या तर ते मिटलेले, म्हणजे साठवणीचे किंवा पाण्याचे भांडे, अ‍ॅम्फोरा किंवा हायड्रिया. आतून कुणी पाहणारच नसल्यामुळे कुंभाराने लेपाचे श्रम वाचवले. या रेघा आडव्या असतात, त्यामुळे तुकडा हातात कसा धरायचा तेही त्यांच्यावरूनच ठरते. डॉक्टरांनी वहीत चिकटवलेल्या छायाचित्रांत सात तुकडे उलटे आहेत. उडता म्हणून वर्णन केलेला एक योद्धा रेघांप्रमाणे धरला की जमिनीवर कोसळलेला दिसतो.

वहीत ‘अथेन्स’ असे लिहिलेले नऊ तुकडे अथेन्सचे नाहीत. त्यांची माती फिकट आहे, काळा रंग किंचित मंद आहे आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा सढळ वापर केलेला आहे. ते दक्षिण इटलीतील आपुलियाचे, इ. स. पू. चौथ्या शतकातले आहेत. अ‍ॅटिकाची (अथेन्सभोवतालच्या प्रांताची) माती लोहयुक्त असते आणि भाजल्यावर नारिंगी-तांबूस होते. आज मोजलेल्या बहुतेक अ‍ॅटिक तुकड्यांची नोंद मुन्सेलच्या ५ वायआर ६/६ च्या आसपास पडली.

१४ फेब्रुवारी

क्रमांक २३ वर अख्खा दिवस गेला आणि त्याची खंत नाही. हा किलिक्सच्या तळाचा तुकडा असून त्याच्या आतल्या काळ्या पृष्ठावर विटकरी रंगाची एक कमान आहे. डॉक्टरांनी तिला ‘रंग उडाला’ असे म्हटले आहे, पण रंग उडालेला नाही. आव्यात भांड्यांवर भांडी रचताना वरच्या किलिक्सची बैठक खालच्याच्या पोटात टेकली होती, तिचा हा ठसा आहे.

हा ठसा समजायचा तर भाजणी समजून घ्यावी लागते. ज्या काळ्या चकाकीला आपण सवयीने रंग म्हणतो ती भांड्याच्याच जातीची माती असते. माती भरपूर पाण्यात कालवून ठेवली की जाड कण खाली बसतात आणि वरच्या निवळीत अतिशय बारीक, लोहाचा अंश अधिक असलेले कण तरंगत राहतात. ती निवळ आटवून चित्रासाठी वापरत. भट्टीत प्रथम हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत ताप देत आणि त्यात सगळे भांडे लाल होई. मग हवेची वाट बंद करून, ओले लाकूड घालून, ९०० अंशांच्या वर धुराची भाजणी करत आणि त्यात सगळेच काळे पडे. शेवटी थंड होत असताना हवा पुन्हा आत घेत. तेव्हा सच्छिद्र असलेले अंग प्राणवायू शोषून पुन्हा लाल होई, पण बारीक मातीचा थर एव्हाना वितळल्यासारखा घट्ट झालेला असल्यामुळे हवा आत शिरत नसे आणि तो काळाच राही. जिथे थर पुरेसा घट्ट झाला नाही, जसे की वरच्या भांड्याच्या बैठकीखाली, तिथे हवा शिरली आणि काळ्याचे लाल झाले. जर्मन रसायनज्ञ थिओडोर शुमान यांनी १९४२ मध्ये हे कोडे उलगडले. तोपर्यंत या चकाकीसाठी काहीतरी हरवलेले रसायन असावे असा समज होता.

आमच्या जोर्वे खापरांवरही लालवर काळी चित्रे आहेत, पण तिथे चित्राला असा आरसा नाही. दोन्ही हाताळलेल्या बोटांना हा फरक डोळ्यांआधी कळतो.

२० फेब्रुवारी

क्रमांक ७७: स्त्रीचे डोके, केसांभोवती पट्टा, समोरून काढल्यासारखा बदामी डोळा. काचेच्या कपाटातला तो हाच, आणि डॉक्टरांच्या कन्येचा लहानपणापासूनचा आवडता. भिंगाखाली ठेवताच मला शंका आली. केसांची काळी रेघ तुकड्याच्या टोकाला पोहोचते आणि तिथे न थांबता कडेवरून खाली, फुटलेल्या पृष्ठावर ओघळते. चित्र काढताना भांडे अखंड असते, तेव्हा फुटलेल्या कडेवर रंग जाण्याचे काही कारण नाही. म्हणजे ही रेघ फुटल्यानंतरची आहे. अतिनील दिव्याखाली उरलेला तुकडा गडद राहिला आणि डोळा, नाक व ओठ पांढुरके चमकले. अ‍ॅसिटोनचा बोळा एका कोपऱ्यात फिरवला तर तो काळा झाला.

खालचा तुकडा खरा आहे, इ. स. पू. पाचव्या शतकाचा, बहुधा नुसत्या काळ्या भांड्याचा किंवा आकृतीच्या बाहेरच्या रिकाम्या भागाचा. काळा लेप खरवडून त्यातून डोके काढलेले आहे. संध्याकाळी हे कन्येला सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या की तुकडा आहे तिथेच राहू द्या, फक्त चिठ्ठी बदला. चिठ्ठी बदलली.

२६ फेब्रुवारी

क्रमांक १७ वर अक्षरे आहेत. तरुणाचा खांदा, बाजूला जांभळट लाल रंगात चार अक्षरे आणि त्यांच्या खाली दोन. डॉक्टरांनी वरची अक्षरे ‘ल-र-ओ-स’ अशी वाचून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. घोटाळा लिपीचा आहे: अथेन्सच्या जुन्या लिपीतला ‘ग’ पुढच्या काळात सर्वमान्य झालेल्या ‘ल’सारखा दिसतो. वाचन ‘…ग्रोस’ असे हवे, आणि खालची दोन अक्षरे ‘का’ ही ‘कालोस’ची, म्हणजे ‘सुंदर’ या शब्दाची सुरुवात असणार.

येथे मोह होतो तो लेआग्रोसचा. इ. स. पू. ५१०-५०० च्या सुमारास अथेन्सच्या चित्रकारांनी या देखण्या तरुणाचे नाव अनेक भांड्यांवर लिहिले. पुढे हाच ग्लाउकोनचा मुलगा लेआग्रोस सेनापती झाला आणि उत्तरेकडे एदोनी लोकांशी लढताना मारला गेला, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडून कळते. ती घटना इ. स. पू. ४६५ च्या आसपासची असल्याने त्याच्या तरुणपणाची वर्षे मागे मोजून ठरवता येतात आणि त्यावरून भांड्यांची कालगणना पक्की करायला मदत होते. पण ‘मेलेआग्रोस’ या वीराच्या नावाचा शेवटही हाच आहे, आणि खालची अक्षरे दुसऱ्याच वाक्याची असू शकतात. वर्णनात ‘लेआग्रोस असण्याचा संभव’ एवढेच लिहिले आहे. किमतीच्या दृष्टीने या दोन शब्दरचनांत मोठे अंतर आहे, हे ठाऊक असूनही.

४ मार्च

क्रमांक ५८: क्रेटरच्या भिंतीचा जाड तुकडा, ८ मिमी. कडेपासून थोडे आत सुताराने पाडावे तसे गोल भोक असून त्यात करड्या धातूचा अंश आहे. ही शिशाच्या टाक्याची प्राचीन डागडुजी. फुटलेले भांडे मालकाने टाकून दिले नाही, सांधून पुन्हा वापरले किंवा थडग्यात ठेवले.

११ मार्च

बाझलचा फासनाख्त, म्हणजे वार्षिक कार्निव्हल, चालू आहे. काल पहाटे चारपासून ढोल आणि बासऱ्या घराखालून जात आहेत. नाजूक काटा थरथरतो म्हणून वजने घेणे पुढे ढकलले. पेट्यांचे फोम कापले.

१८ मार्च

आज कडांचा तक्ता भरायला घेतला. प्रत्येक तुकड्याची प्रत्येक बाजू ‘जुनी’ की ‘नवी’ एवढेच लिहायचे. जमिनीत शतकानुशतके पडलेल्या तुकड्याच्या कडा बोथट होतात, त्यांच्यावर चुन्याचा करडा-पांढरा थर बसतो, कधी झाडांच्या बारीक मुळांच्या खुणा असतात. अलीकडे फुटलेली कड तीक्ष्ण असते आणि तिच्यातली माती ताज्या विटेसारखी उजळ दिसते. उत्खननात कुदळ लागूनही नवी कड तयार होते, त्यामुळे एखादी नवी कड म्हणजे लगेच गुन्हा नव्हे.

मात्र ४१, ६६ आणि ९२ हे तीन तुकडे एकाच पेटीत नसतानाही आज टेबलावर शेजारी आले. तिन्ही लाल आकृतीच्या, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रे असलेल्या किलिक्सचे आहेत. जाडी अनुक्रमे ४.१, ४.० आणि ४.१ मिमी, माती एकच, आतून काळ्या लेपाची लकाकीही एकच. ४१ वर झिरझिरीत वस्त्राच्या घड्या आणि पावलाचा पुढचा भाग आहे. ६६ वर एक हात आणि थिर्सोस, म्हणजे आसवाचा देव दिओनिसस याच्या भक्तांची आयव्हीने मढवलेली काठी. ९२ वर घोड्याचे कान असलेल्या सॅटिरचे, म्हणजे दिओनिससच्या रानटी सोबत्याचे, दाढीवाले डोके. ४१ च्या दोन कडा जुन्या व एक नवी, ९२ च्याही तशाच. ६६ ला मात्र तीन नव्या कडा आहेत.

१९ मार्च

तिन्ही तुकडे जुळले. ६६ मधोमध बसतो, ४१ त्याच्या खाली आणि ९२ उजवीकडे. सांधा इतका बिनचूक आहे की तिरप्या प्रकाशात नख फिरवले तर थिर्सोसची उठावदार रेघ ६६ वरून ४१ वर न अडखळता उतरते. सर्व सांधे नव्या कडांचे आहेत. ६६ ची डावीकडची तिसरी नवी कड मात्र मोकळी राहते. तिथे हात खांद्याकडे वळतो, म्हणजे चौथा तुकडा असणार, आणि त्याच्यावर नाचणाऱ्या मीनाडचे, म्हणजे दिओनिससच्या भक्त स्त्रीचे, डोके असणार.

वहीत शोधले. ४१ ची खरेदी १९७८ ची, ६६ ची १९७९ ची, ९२ ची १९८१ ची. विक्रेता तिन्ही वेळा एकच. तिन्ही पावत्यांवर ‘स्वित्झर्लंडमधील जुना संग्रह, १९६० पूर्वीचा’ असा सारखाच मजकूर आहे. ६६ समोर डॉक्टरांच्या हातचे दोन शब्द आहेत: ‘४१ ला जुळतो!’ उद्गारचिन्ह जाड आहे. वर्षानुवर्षे हाडे जुळवणाऱ्या माणसाला तो क्षण किती सुखाचा गेला असेल याची कल्पना करता येते.

२७ मार्च

डॉक्टरांच्या कन्येने आज पावत्यांचा उरलेला गठ्ठा दिला. ९२ च्या लिफाफ्यात पावतीमागे एक पोलरॉइड छायाचित्र निघाले. चौकोनी चित्र, चारी बाजूंना पांढरी कड, खालची कड रुंद. वर्तमानपत्रावर ठेवलेला एक मोठा तुकडा, अजून न धुतलेला, खोबणींत माती. त्यात सॅटिर आहे, थिर्सोस आहे, पाऊल आहे, आणि डावीकडे मान मागे टाकलेल्या, केस मोकळे सोडलेल्या मीनाडचा चेहरा आहे. ४१, ६६, ९२ आणि आम्हाला न दिसलेला चौथा, असे सगळे एकसंध. आज ज्या सांध्यांवरून मी नख फिरवते त्यांची चित्रात एक रेघही नाही.

हा फिल्मचा प्रकार, म्हणजे कॅमेऱ्यातून बाहेर पडून हातातच उमटणारे आणि खाली रुंद कड असलेले चित्र, पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याबरोबर १९७२ मध्ये आला. तेव्हा हा तुकडा १९७२ नंतर केव्हातरी मातीसकट कुणाच्या तरी हातात होता, आणि १९६० पूर्वीपासून तो स्वित्झर्लंडच्या एखाद्या दिवाणखान्यात होता असे सांगणाऱ्या तिन्ही पावत्या खोट्या ठरतात. शिवाय तो अपघाताने फुटलेला नाही. एक मोठा तुकडा एकदाच विकण्यापेक्षा चार लहान चार वेळा विकण्यासाठी तो फोडला, आणि सर्वांत महाग असा चेहरा शेवटी ठेवला.

छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने एक किंमत लिहिलेली आहे, वेगळ्या हस्ताक्षरात. तिच्या खाली डॉक्टरांच्या अक्षरात एकच जर्मन शब्द: ‘कुठून?’

२ एप्रिल

कन्येशी सविस्तर बोलणे झाले. मराठीत खापर कुणाच्या तरी माथी फोडतात. येथे ते अगदी शब्दशः फोडले गेले आहे, पण कुणाच्या माथी, हे ठरवणे माझे काम नाही. वहीवरून एवढेच दिसते की चौथ्या तुकड्याची किंमत डॉक्टरांपुढे ठेवली गेली, त्यांनी एक प्रश्न लिहिला आणि त्यानंतर काहीही विकत घेतले नाही. त्यांनी तो प्रश्न विक्रेत्याला विचारला का, हे वही सांगत नाही. छायाचित्र मात्र त्यांनी फाडले नाही, जपून ठेवले.

हा प्रकार एकट्या या घरापुरता नाही, हे त्यांना समजावे म्हणून दोन प्रसिद्ध उदाहरणे सांगितली. मालिबूच्या गेटी संग्रहालयाने ओनेसिमोसने रंगवलेला, कुंभार म्हणून युफ्रोनिओसची सही असलेला आणि ट्रॉयच्या पाडावाचे चित्र असलेला एक मोठा किलिक्स १९८० च्या दशकात तुकड्यातुकड्यांनी मिळवला. त्याच्या बैठकीखाली हेर्क्ले देवाला अर्पण केल्याचा एट्रुस्कन लेख आहे. तो चेर्वेतेरीचा ठरला आणि १९९९ मध्ये इटलीला परत गेला. युफ्रोनिओसनेच रंगवलेला, ट्रॉयच्या युद्धातील वीर सार्पेदोनचे चित्र असलेला क्रेटर मेट्रोपॉलिटनने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतला आणि २००८ मध्ये परत केला. या व्यवहारांमागची वाट उघडी पडली ती मुख्यतः सप्टेंबर १९९५ मध्ये जिनिव्हाच्या मुक्तबंदरातील जाकोमो मेदिची या पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याच्या गोदामांवर घातलेल्या छाप्यामुळे. तिथे हजारो छायाचित्रे मिळाली, त्यांत पुष्कळ पोलरॉइड, आणि मातीने माखलेली भांडी कशी होती, नंतर ती कशी साफ होऊन काचेच्या कपाटात गेली, हे त्यांवरून जुळवता आले. इटलीच्या थडग्यांत चोरून खणणाऱ्या तोंबारोलींनी काढलेली वस्तू चोरीच्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, कारण ती जमिनीत होती हेच कुणाला माहीत नसते. तिची एकमेव नोंद बहुधा चोराने स्वतःच काढलेले छायाचित्र असते.

कायदा म्हणून पाहिले तर स्वित्झर्लंडचा सांस्कृतिक वस्तूंच्या हस्तांतरणाचा कायदा १ जून २००५ पासून लागू झाला आणि तो मागच्या व्यवहारांना लागू नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा असला तरी स्वित्झर्लंड त्यात उशिरा सामील झाले. ‘म्हणजे मी हे ठेवू शकते,’ असे कन्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. ‘आणि तुम्ही हे छापू शकता?’ हा प्रश्न माझ्या बाजूचा होता. अमेरिकेच्या पुरातत्त्व संस्थेचे नियतकालिक ३० डिसेंबर १९७३ नंतर मिळवलेली, आधीचा ठावठिकाणा नसलेली वस्तू प्रथम छापत नाही. कारण पटण्यासारखे आहे: अभ्यासकाने चित्रकाराचे नाव दिले की तुकड्याचा भाव चढतो आणि पुढच्या थडग्यावर कुदळ पडते. पण न छापलेला तुकडा कुणाच्या लक्षात येत नाही आणि चौथ्याची ओळख पटण्याची वाटही बंद होते, हेही खरे. या दोन्ही गोष्टींमध्ये मी आजही पूर्ण निश्चिंत नाही.

९ एप्रिल

चित्रकाराविषयी. सर जॉन बीझली (१८८५-१९७०) यांनी सही नसलेल्या हजारो भांड्यांना चित्रकार मिळवून दिले ते कान, घोटे, गुडघे आणि वस्त्रांच्या चुण्या यांवरून; ही पद्धत मूळची इटालियन चित्रे पारखणाऱ्या जोवान्नी मोरेल्ली यांची, आणि मोरेल्ली वैद्यकशास्त्र शिकलेले होते. डॉक्टरांच्या वहीत घोट्यांची काळजीपूर्वक काढलेली चित्रे आहेत, म्हणजे त्यांना ही पद्धत ठाऊक होती आणि आपल्या धंद्यामुळे ती जवळची वाटत होती.

४१ वरच्या घड्या जवळजवळ ठेवलेल्या, शेवटी लपेटून उघडणाऱ्या आहेत आणि वस्त्रातून पायाची रेषा दिसते. हे माक्रोन या चित्रकाराजवळ जाते. त्याचे नाव बॉस्टनमधील स्किफोसवरच्या (खोल पेल्यावरच्या) सहीमुळे कळले. त्याची बहुतेक भांडी हिएरोन या कुंभाराच्या कारखान्यातली. बर्लिनमधील त्याच्या किलिक्सवर दिओनिससच्या खांबासारख्या मूर्तीभोवती मीनाड नाचतात आणि तिथले हात व थिर्सोस आमच्या ६६ शी ताडून पाहिले. काळ इ. स. पू. ४९०-४८० म्हणता येईल. ऑक्सफर्डच्या बीझली संग्रहाच्या संगणकीय सूचीत एक लाखाहून अधिक नोंदी आहेत. मीनाड, किलिक्स, मान मागे, या खुणांनी तीन दिवस शोधले. चौथा तुकडा तिथे नाही. यादीत चित्रकाराच्या रकान्यात मी काहीच लिहिलेले नाही. छायाचित्राचा निकाल लागेपर्यंत तो रिकामाच राहील.

२४ एप्रिल

कन्येने बर्नच्या संघीय संस्कृती कार्यालयाला पत्र लिहिले आहे. पत्रात उरलेल्या १४० तुकड्यांचा उल्लेख नाही, फक्त या तिघांचा आहे. वहीची संबंधित पाने, तिन्ही पावत्या आणि पोलरॉइडची दोन्ही बाजूंची प्रत सोबत जोडली. मूळ देश इटली की ग्रीस हे तुकड्यांवरून सिद्ध होत नाही. या घाटाची भांडी एट्रुरियाच्या थडग्यांत फार सापडली, एवढ्यावर नाव लिहिणे बरोबर नाही. छायाचित्रातील वर्तमानपत्राच्या दिसणाऱ्या दोन शब्दांवरून भाषा इटालियन वाटते, म्हणून प्रत पुरावस्तूंचे गुन्हे १९६९ पासून हाताळणाऱ्या इटलीच्या काराबिनिएरी पोलीस पथकाकडेही पाठवावी, असे मी सुचवले आणि त्यांनी मान्य केले.

छायाचित्रात मोजपट्टी नाही, पण त्यातले तीन तुकडे माझ्या टेबलावर असल्यामुळे मापे काढता येतात. चौथा तुकडा साधारण ५२ मिमी रुंद आणि ३८ मिमी उंच असावा. ६६ ची मोकळी कड मी कंगव्याने उतरवून एकास एक प्रमाणात कागदावर काढली आणि ती प्रत पत्रासोबत दिली; कुणाच्याही खणात, कोणत्याही संग्रहालयात असा चेहरा पडून असेल तर तो या रेघेवर ठेवून पाहता येईल.

तिन्ही तुकडे चिकटवलेले नाहीत. वेगवेगळ्या खोबणींत, एकाच पेटीत ठेवले. काचेच्या कपाटात ७७ ची नवी चिठ्ठी आहे. उरलेल्या २२ खापरांचे छेदचित्र काढायचे बाकी असून ते सोमवारी लेकिथोसपासून सुरू होईल.